गोड गोळ्यांची परीक्षा

आमच्या बाईंसमोर ‘बरं वाटतंय’ म्हणायची सोय नव्हती. ‘बरं म्हंजे किती?’ हा प्रश्न लगेच यायचा. कालच्यापेक्षा बरं, का परवाच्यापेक्षा? जिना चढताना बरं, का नुसतं बसल्यावर? सांगता आलं नाही, की त्या चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, “मग तुला काही वाटत न्हाई. तू नुसती बोलतीयास.”

शाळेत त्या आम्हाला भौतिकशास्त्र शिकवायच्या. मला त्यांच्या विषयात कसेबसे पस्तीस पडले होते. पुढं लग्न झालं, अब्बांचं शिलाई मशीन माझ्याकडं आलं आणि मी दुकानासाठी जागा शोधत कळंब्याच्या रस्त्यानं हिंडत होते. एका घरावर ‘पुढची खोली भाड्यानं’ अशी पाटी दिसली. दार वाजवलं तर समोर बाई. निवृत्त झालेल्या, केस पांढरे, बाकी होत्या तशाच. त्यांनी मला ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. दारातच विचारलं, “लंबकाचा झोका किती वेळाचा, हे कशावर ठरतं?”

शाळेच्या जिन्यातून दोराला तांब्या बांधून त्यांनी आम्हाला ते दाखवलं होतं. नववीतलं मला तेवढंच आठवत होतं.

“दोराच्या लांबीवर,” मी म्हणाले.

“खोली तुझी,” बाई म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

त्या घरात दहा वर्षं मी बायकांचे ब्लाउज शिवले. बाई एकट्याच राहायच्या. लग्न केलं नव्हतं. पाठचा एक भाऊ होता, तो गावात होमिओपॅथीचा दवाखाना चालवायचा. बाईंचा दिवस मोजण्यात जायचा. दूध किती वेळात उतू जातं, एका बादलीत किती कपडे स्वच्छ निघतात, शेजारचा कुत्रा कुणाकुणावर भुंकतो. तांबड्या रश्श्यानं सर्दी जाते असं सगळं कोल्हापूर म्हणतं. बाईंनी शाळेत असताना दोन पावसाळे त्यावर घालवले होते. शिक्षकखोलीत एकाला सर्दी झाली की त्याला रस्सा, दुसऱ्याला झाली की त्याला नुसता वरणभात. निकाल त्या मोठ्या गंभीरपणे सांगायच्या. “सर्दी दोघांची आठवड्यानंच गेली. पण रस्सावाल्यांचा आठवडा बरा गेला.” ‘बरा’ हा शब्द त्यांनी न मोजता वापरलेला मी तेवढाच ऐकला.

गाठ त्यांना अंघोळीच्या वेळी हाताला लागली. तासाभरात त्यांनी मला आत बोलावलं, दार लावलं आणि माझा हात धरून डाव्या छातीवर ठेवला. “लागतंय काय बघ. मला एकटीलाच लागत असंल तर भास असू शकतोय. दोघींना लागलं तर हाय.”

मला लागली. बाई म्हणाल्या, “झालं तर मग. दुकान बंद कर. दवाखान्यात जाऊ.”

त्या दिवसापासून ऑपरेशनच्या दिवसापर्यंत त्यांनी एक दिवस वाया जाऊ दिला नाही. डावी बाजू पूर्ण काढली, काखेतल्या गाठीही काढल्या. घरी आल्या तेव्हा अंगातून एक नळी बाहेर आलेली आणि तिच्या टोकाला एक बाटली होती. जखमेतलं पाणी त्यात साठायचं. ती बाटली हातात धरून वावरायला अवघड, म्हणून मी सुती कापडाची पिशवी शिवून दिली. गळ्यात अडकवायची. बाई रोज सकाळी सातला बाटलीवरच्या खुणा वाचून वहीत आकडा लिहायच्या. पुढं नळी निघाली, टाके सुकले, आणि ब्लाउजचा प्रश्न आला. मी कापसाचं पॅड लावून दिलं. बाईंनी आरशात पाहिलं आणि ते काढून टाकलं.

“दिसण्याचं सोड गं. वजनाचं काय? एका बाजूला वजन न्हाई, त्यामुळं माझा खांदा वर उचलाय लागलाय.”

मग स्वयंपाकघरातला तराजू आला. राळ्याचे, म्हणजे त्या बारीक धान्याचे, दाणे भरून आम्ही दोघींनी एक पिशवी अशी शिवली, की दोन्ही बाजू समान व्हाव्यात. चार वेळा उसवली. पाचव्यांदा बाई सरळ उभ्या राहिल्या, हात सोडले, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “जमलं.” त्या दिवशी मी शिवण खऱ्या अर्थानं शिकले असं मला वाटतं.

वॉर्डात बाईंच्या शेजारच्या खाटेवर शालन होती. बिद्रीच्या बाजूच्या खेड्यातली, चाळिशीची, घरी म्हशी. तिचंही तेच ऑपरेशन, उजव्या बाजूचं. ती बाईंना सोडायची नाही आणि बाईही तिला सोडायच्या नाहीत. रेडिएशनला, म्हणजे आमच्याकडं ज्याला शेक म्हणतात त्याला, दोघी रोज बरोबर जायच्या. एक दिवस येताना शालन रिक्षातून उतरून माझ्या दुकानात टेकली आणि म्हणाली, “आमचा दीर म्हणतोय, गोड गोळ्या चालू करा, मग ह्यो शेक बी नको आन् पुढची गोळी बी नको. आमच्या भावकीत एकीला गुण आलाय म्हणं.”

“किती आला?” बाईंनी विचारलं.

“गुण आलाय म्हणत्यात.”

“किती ते विचारलंस का?”

नेमके त्याच आठवड्यात बाईंचे भाऊ डबी घेऊन आले. माणूस खरोखर चांगला होता. बहिणीच्या ऑपरेशनच्या दिवशी ते वॉर्डाबाहेर उभ्याउभ्या रडले होते. “आक्का, ह्या गोळ्या घे. सूज उतरंल, हात मोकळा होईल, झोप लागंल. अशा कितीतरी बायकांना दिल्यात मी.”

“आणि न दिलेल्या बायका?”

“म्हंजे?”

“ज्यांना दिल्या न्हाईत, त्यांची सूज उतरली न्हाई काय?”

डॉक्टर भाऊ हसले. पण बाई हसल्या नाहीत. त्या उठल्या, वही आणली आणि भावाच्या समोर बसल्या. “डॉक्टर, तुझ्या गोळ्यांची आपण परीक्षा घेऊ. मी घेईन, शालन घेईल, वॉर्डातल्या आणखी चौघी हाईत. सहाजणी. खोट्या ठरल्या तर तू मान्य करायचं. खऱ्या ठरल्या तर मी गावभर सांगत सुटंन. तयार हैस?”

“तयार हाय की!” डॉक्टर म्हणाले. त्यांचा त्यांच्या गोळ्यांवर मनापासून विश्वास होता.

परीक्षा अशी ठरली. डॉक्टरांनी दोन मोठ्या बाटल्या भरायच्या. एकीत औषधाच्या गोळ्या, दुसरीत तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या, नुसत्या साखरेच्या. माझ्या रिळांतला लाल दोरा एका बाटलीला बांधायचा, निळा दुसरीला. कुठल्या दोऱ्याला औषध आणि कुठल्या दोऱ्याला साखर, हे फक्त डॉक्टरांना ठाऊक. ते चिठ्ठीवर लिहून लिफाफ्यात बंद करायचं. लिफाफा माझ्या मशीनच्या खणात, किल्ली माझ्याकडं. प्रत्येकीनं एक महिना एका दोऱ्याच्या गोळ्या घ्यायच्या, पुढचा महिना दुसऱ्या, असे चार महिने. कुणी लालपासून सुरुवात करायची आणि कुणी निळ्यापासून, ते मी नाणं उडवून ठरवलं आणि माझ्या वहीत लिहिलं. डॉक्टरांनी चार महिने त्या बायकांना भेटायचं नाही. दर रविवारी माप घ्यायचं मी.

“मी कशी घेणार? मी काय डॉक्टर हाय?” मी म्हणाले.

“तू शिंपीण हैस. ह्या गावात बायकांच्या दंडाचं माप तुझ्याइतकं नेमकं कोण घेतंय?”

कॅन्सरच्या मोठ्या डॉक्टरांनाही बाईंनी सगळं सांगितलं. ते म्हणाले, साखर खाऊन काही बिघडणार नाही, पण इथलं काहीएक बंद करायचं नाही. बाईंनी तो पहिला नियम केला. सहाजणींना समोर बसवून सांगितलं, “एक शेक चुकवायचा न्हाई, एक औषध चुकवायचं न्हाई. ह्या गोळ्या वरच्या.” सगळ्यांनी माना डोलावल्या.

दर रविवारी दुपारी माझ्या दुकानात सहाजणी जमायच्या. मी टेप घेऊन मनगट, कोपराच्या खाली, कोपर आणि दंड अशी चार ठिकाणी हाताची जाडी मोजायची. मग भिंत. हॉस्पिटलमधून व्यायाम सांगितलेला होता. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं कोळ्यासारखी वर चालवत न्यायची. जिथं हात थांबेल तिथं मी कापडावर खुणा करायच्या खडूनं रेघ ओढायची. पहिल्या रविवारी शालनची रेघ तिच्या खांद्याच्याही खाली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई तिच्या शेजारी उभ्या राहिल्या, स्वतःची बोटं भिंतीवर ठेवली, दात आवळून वर नेली आणि म्हणाल्या, “माझी तुझ्यापरास खाली हाय. पुढच्या रविवारी बघू कोण वर जातंय.”

त्यावर शालननं पदर खोचला.

घरीही बाई रोज भिंतीशी झुंजायच्या. बाईंच्या स्वयंपाकघरातून सकाळी ‘अजून एक, अजून एक’ असा आवाज यायचा. मला आधी वाटायचं, कुणी आलंय काय. पण त्या स्वतःलाच सांगत असायच्या.

तिसऱ्या महिन्यात बाईंचा डावा हात अचानक लाल झाला, तापला, टम्म फुगला. अंगात हुडहुडी भरली. हॉस्पिटलात ठेवलं, इंजेक्शनं सुरू झाली. दुपारी त्यांचे भाऊ धापा टाकत माझ्या दुकानात आले.

“आक्काला सध्या कुठला दोरा चालू हाय?”

मी हातातली कात्री खाली ठेवली.

“सांग पोरी. ती नुसती साखर खात असंल तर मला औषध चालू कराय पायजे. बहीण हाय माझी.”

माझ्या वहीत लिहिलेलं होतं. एक शब्द बोलले असते, तर त्यांच्या चेहऱ्यावरून मलाही कळलं असतं, कुठला दोरा कशाचा. पण बाई तिकडं तापानं फणफणल्या होत्या. शेवटी मी म्हणाले, “डॉक्टर, मी त्यांनाच विचारून येते.”

बाई खाटेवर होत्या, हात उशीवर, ओठ सुकलेले. मी सांगितलं. त्यांनी डोळे उघडले.

“हाताला जंतू झालेत. त्याचं औषध ह्या सलाईनीतनं चालू हाय. त्याला म्हणावं, बहीण म्हणून ये, उशाशी बस, मोसंबी सोल. दोरा विचारू नको.” मग थोडं थांबून, “आणि तू सांगितलंस तर पाचजणींचे तीन महिने पाण्यात. तुझी खोली बी गेली समज.”

“बाई, तुम्हाला काही झालं तर?”

“झालं तर वहीत लिही. आणि रविवार चुकवायचा न्हाई.”

मी परत येऊन डॉक्टरांना ते सांगितलं. ते पायरीवरून उठले. मग खरंच मोसंबी घेऊन गेले. तो रविवार मी बाईंशिवाय घेतला. पाचजणींची मापं घेतली आणि सहाव्या ओळीत लिहिलं, ‘हॉस्पिटलात. ताप उतरतोय.’ बाईंनी घरी आल्यावर आधी ती ओळ बघितली आणि विचारलं, “उतरतोय म्हंजे किती?”

चार महिने पूर्ण झाले. लिफाफा उघडायच्या रविवारी सहाजणी आल्या, डॉक्टर आले, शालनबरोबर तिचा दीरही आला. बाईंनी आलेखाचे कागद भिंतीला टाचले होते. प्रत्येकीचा एक कागद, लाल महिने लाल पेन्सिलीनं, निळे निळ्या. पण त्याआधी त्यांनी प्रत्येकीला चिठ्ठी दिली. “तुम्हाला काय वाटतंय, औषध कुठलं? लिहा.”

शालननं चिठ्ठी लिहिली नाही, मोठ्यानं सांगितलं. “लाल! त्यात काय इच्यारायचं? लाल दोरा सुरू झाला की मला गाढ झोप लागायची. हात हलका. निळ्यात काय दम न्हवता.” दोघींनी तिच्या बाजूनं लिहिलं, दोघींनी निळा. बाईंची चिठ्ठी कोरी होती.

मी खण उघडला. लिफाफा बाईंनी फोडला आणि भावाकडं दिला. “तू वाच.”

डॉक्टरांनी वाचलं. “लाल दोरा, साधी साखर.”

शालन म्हणाली, “म्हंजे? मी साखरंवर झोपत हुतो?”

“तू दमून झोपत हुतीस,” बाई म्हणाल्या. “दिवसभर भिंत चढून.” त्या कागदांकडं वळल्या. “ह्या रेघा बघा. लाल महिन्यात हात वर गेलाय, निळ्या महिन्यात बी वर गेलाय. सूज दोन्हीत तशीच उतरलीया. दोऱ्यानं काही फरक पडलेला न्हाई. हात वर गेला तो तुम्ही नेला म्हणून.”

डॉक्टर उभे राहिले. त्यांचा आवाज चढला होता. “आक्का, सहा बायकांवर औषध खोटं ठरत न्हाई!”

“खरंबी ठरत न्हाई. साठ आण. मी मोजाय बसते.”

भाऊबहीण समोरासमोर उभे. एवढ्यात शालन भिंतीला धरून खाली बसली. “बाई,” ती म्हणाली, “मी ती हॉस्पिटलची गोळी बंद केलीया.”

शेक संपल्यावर दोघींना रोजची एक गोळी सुरू झाली होती. पाच वर्षं घ्यायची. दुखणं परत येऊ नये म्हणून. त्या गोळीनं शालनच्या अंगातून वाफा निघायच्या, जीव घाबरा व्हायचा. लाल दोऱ्यानं इतका गुण येतोय, मग ही कशाला, असं दीर म्हणाला, आणि तिनं ती सोडून दिली.

“कधीपास्नं?”

“दीड म्हयना झाला.”

डॉक्टर दिराकडं वळले. “मी कधी म्हणलो का, हॉस्पिटलची गोळी बंद करा?”

“न्हाई,” दीर म्हणाला. “पर चालू ठेवा असं बी कधी म्हणला न्हाईसा.”



मला वाटलं, बाई आता शालनवर तुटून पडणार. शाळेत त्यांचा राग मी पाहिलेला होता. पण त्यांनी वही उघडली, पेन घेतलं आणि उभ्या उभ्या काहीतरी लिहिलं. नंतर मी ते वाचलं. ‘दर रविवारी हाताची चार मापं घेतली. गोळी चालू आहे का, एवढा एक प्रश्न विचारला नाही. चूक माझी.’

खाली सही केली होती.

मग त्या शालनजवळ जमिनीवर बसल्या. ऑपरेशनचा हात टेकून बसताना त्यांना अजून दुखायचं, तरी बसल्या. “उद्या सकाळी हॉस्पिटलात. मी येते.”

सोमवारी मोठे डॉक्टर शालनला बोलले, बाईंनाही बोलले. बाईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. तपासणीत नवीन काही निघालं नाही. गोळी पुन्हा लिहून मिळाली. तेवढ्यावर बाईंचं भागलं नाही. त्या मला घेऊन शालनच्या गावी गेल्या. घरात सासू, दीर, जाऊ, सगळे जमले. चहा आला. बाईंनी कप बाजूला ठेवला.

“आधी तिची गोळी. मग माझा चहा.”

“अवो बाई, चहा थंड हुतोय,” सासू म्हणाली. “त्या गोळीनं सूनबाईच्या अंगाची नुसती भट्टी हुतीया, बघवत न्हाई.”

“मी बी तीच खाते. माझी बी भट्टी हुतीया.” बाईंनी पिशवीतून स्वतःच्या गोळ्यांचं पाकीट काढून सासूच्या हातात दिलं. “नाव जुळवून बघा. पंखा लावायचा, ओला पंचा मानेवर टाकायचा, सोसायचं. म्हातारपण बघायचं हाय आम्हाला.”

दीर म्हणाला, “बाई, आमच्या घरातलं आम्ही बघू.”

“बघा की,” बाई म्हणाल्या. “मी बसलेय. मला घाई न्हाई.”

त्या खरोखरच बसल्या. म्हशींची धार काढून झाली, उन्हं भिंतीवरून उतरली, चहा दोनदा गरम करून आणला. शेवटी सासूच उठली, आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन सुनेसमोर उभी राहिली. शालननं गोळी गिळली. बाईंनी कप उचलला.

निघताना त्यांनी शालनला सांगितलं, “रोज सकाळी नऊला मला फोन करायचा. एकच शब्द सांगायचा. घेतली. बाकी काही सांगायचं न्हाई, मला वेळ नसतोय.”

तिथून रोज नऊला बाईंच्या घरात फोन वाजायला लागला. बाई ‘बरं’ म्हणून ठेवून द्यायच्या. तो फोन वाजला की मी मशीन सुरू करायची.

परीक्षा संपली तरी रविवारची मापं चालूच राहिली. डॉक्टर पंधरा दिवस फिरकले नाहीत. मग एका रविवारी आले, चप्पल काढली आणि माझ्या हातातली टेप मागून घेतली. भावा-बहिणीत त्या विषयावर पुढं काय बोलणं झालं, मला ठाऊक नाही. डॉक्टरांनी दवाखाना बंद केला नाही, गोळ्याही सोडल्या नाहीत. पण दारावर स्वतःच्या अक्षरात एक पाटी लावली. ‘हॉस्पिटलचं औषध बंद करून इथं येऊ नये.’ दीरही पुढं शालनला रविवारी स्वतः गाडीवरून आणून सोडायचा आणि बाहेर कट्ट्यावर बसायचा.

बाई गेल्या त्या हृदयविकारानं. ज्या दुखण्याला त्यांनी इतकं मोजलं, ते परत आलं नव्हतं. पहाटे छातीत कळ आली आणि हॉस्पिटलच्या दारातच संपलं. त्यांची साडी न्यायला मी घरी परत आले. कपाट उघडलं आणि फोन वाजला. नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती.

“घेतली,” शालन म्हणाली. “आज पाच मिंटं उशीर झाला, रागावू नगासा.”

मला सांगावं लागलं. पलीकडं म्हशींचा आवाज येत होता. मग तिनं विचारलं, “ताई, मग उद्यापास्नं मी कुणाला सांगू?”

“मला सांग,” मी म्हणाले.

तेव्हापासून नऊचा फोन माझ्याकडं यायला लागला. एकही दिवस चुकला नाही. तिच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी मांडवातून आला, मागं वाजंत्री वाजत होती आणि ती ओरडून सांगत होती, “घेतली! घेतली!” ईदच्या दिवशी मी शिरखुर्म्याच्या पातेल्याशी उभी असताना आला. मीही ‘बरं’ म्हणून ठेवून द्यायची.

गेल्या महिन्यात तिची पाच वर्षं भरली. मोठ्या डॉक्टरांनी तपासलं, कागद बघितले आणि गोळी बंद केली. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं, मशीनवरचा कपडा काढला. बरोबर नऊला फोन वाजला.

“आज घेतली न्हाई,” शालन म्हणाली.

“बरं,” मी म्हणाले.

पण दोघींनीही फोन ठेवला नाही.